संध्याकाळी सातचे वॉटर्लू

लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियमच्या संग्रहात वॉटर्लूच्या रणभूमीची एक प्रतिकृती आहे. लांबी सत्तावीस फुटांहून थोडी अधिक, रुंदी वीस फुटांना किंचित कमी, आणि तीवर कथिल व शिसे यांच्या मिश्रणातून ओतलेल्या सुमारे ७५,००० आकृत्या. आकृतीची उंची जेमतेम एक सेंटिमीटर. १८ जून १८१५ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनचे इम्पीरियल गार्ड इंग्रजांच्या उंचवट्यावर चालून आले त्या घटकेस, रणांगणावर कोण कोठे उभे होते हे तीत दाखविले आहे. निदान तसा तिचा दावा आहे. ती घडविणारा कॅप्टन विल्यम सायबॉर्न (१७९७–१८४९) स्वतः त्या लढाईत नव्हता. लढाई संपल्यावर फ्रान्समध्ये गेलेल्या सैन्यात तो दाखल झाला होता.

आम्ही मराठी साहित्याचे अध्यापक. लष्करी इतिहास हा आमचा प्रांत नव्हे, आणि शिशाचे सैनिक जमविण्याचा छंदही आम्हांस नाही. या प्रतिकृतीकडे आम्ही वळलो ते निवेदनाच्या एका जुन्या प्रश्नामुळे. बखर शिकविताना हा प्रश्न वर्गात हटकून उभा राहतो. बखरकार पानिपताची हकीकत सांगतो तेव्हा 'इकडे', 'तिकडे', 'इतक्यात' अशा शब्दांच्या आधाराने तो एकाच वेळी अनेक ठिकाणी वावरू शकतो. 'भाऊसाहेबांची बखर' वाचणाऱ्यास विश्वासराव पडले तो क्षण आणि त्या क्षणाच्या मागचेपुढचे सारे एका ओघात मिळते. प्रतिकृतीला मात्र 'इतक्यात' म्हणता येत नाही. तिला एक क्षण निवडावा लागतो आणि त्या क्षणी जे आहे ते सगळे एकदम मांडावे लागते. मग तो क्षण कोणता, तो निवडायचा अधिकार कोणाचा, आणि त्या क्षणी कोण 'आहे' हे ठरवायचे कोणी? सायबॉर्नच्या आयुष्याची एकोणीस वर्षे या तीन प्रश्नांनी खाल्ली.

शब्द थकले की माणूस प्रतिकृतीकडे वळतो, ही गोष्ट इंग्रजी कादंबरीने फार आधी ओळखली होती. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीतील (१७५९–६७) अंकल टोबी नामूरच्या वेढ्यात जखमी होतो. भेटीस येणारा प्रत्येक जण विचारतो, जखम नेमकी कोठे झाली? टोबी सांगू लागतो, आणि खंदक, तट, बुरूज, आडोसे यांच्या परिभाषेत असा गुरफटतो की ऐकणाऱ्यास काही कळत नाही आणि सांगणाऱ्याची प्रकृती ढासळते. शेवटी तो नकाशा मागवितो. नकाशानेही भागत नाही तेव्हा आपल्या नोकराच्या, कॉर्पोरल ट्रिमच्या, सूचनेवरून गावाकडच्या हिरवळीवर मातीचे तट उभारतो आणि वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्यांबरहुकूम रोज वेढे घालतो. स्टर्न त्याला हसतो, पण ते हसणे मायेचे आहे. 'मी कोठे होतो' हे सांगता न येण्याचे दुःख त्याने जाणले होते. हेच दुःख पुढे शेकडो पत्रांतून सायबॉर्नच्या टेबलावर येऊन पडणार होते.

स्टर्नच्याही आधी, १६६८ पासून, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा याने सरहद्दीवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ केला होता. त्यांचे प्रमाण बहुधा १:६००, म्हणजे प्रत्यक्षातील सहाशे फूट तेथे एक फूट. त्या लूव्ह्रमध्ये ठेवल्या जात आणि राजाच्या मर्जीखेरीज कोणास दाखविल्या जात नसत. शत्रूच्या हाती त्या लागणे म्हणजे किल्ल्याची किल्ली लागण्यासारखेच होते. त्यांपैकी पुष्कळशा आज पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये व काही लील शहरात पाहता येतात. घरे, झाडे, तट सारे आहे; सैनिक मात्र नाहीत. त्या पुढे होणाऱ्या युद्धाच्या तयारीसाठी होत्या. होऊन गेलेल्या युद्धाची आठवण, तीही तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसासाठी, हे काम सर्वस्वी वेगळे होते.

हे काम १८३० साली ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती लॉर्ड हिल याने सायबॉर्नकडे सोपविले. हिल स्वतः वॉटर्लूवर लढलेला. सायबॉर्न तेव्हा आयर्लंडमध्ये लष्करी कचेरीत नोकरीस होता आणि भूमापन हा त्याचा हातखंडा विषय होता. तो बेल्जियमला गेला, ला हे सँत या शेतघरात आठ महिने राहिला आणि सारी भूमी त्याने पावलापावलाने मोजली. लढाईच्या दिवशी याच शेतघरासाठी दिवसभर झुंज चालली होती आणि संध्याकाळी ते फ्रेंचांच्या हाती पडले होते.

पण तो मोजत होता ती भूमी १८१५ ची राहिली नव्हती. ऑरेंजचा राजपुत्र जेथे जखमी झाला त्या जागी नेदरलँड्सच्या सरकारने चाळीस मीटर उंचीचे मातीचे टेकाड रचून त्यावर सिंह बसविला होता. हे काम १८२६ साली पुरे झाले, आणि त्यासाठी लागलेली माती आली होती आजूबाजूच्या शेतांतून, म्हणजे ज्या उंचवट्याच्या आडोशाने वेलिंग्टनने आपले सैन्य लपविले त्याच उंचवट्यावरून. माझी रणभूमी बिघडविली, असे वेलिंग्टन म्हणाल्याची आख्यायिका व्हिक्टर ह्यूगोने 'ले मिझेराब्ल' (१८६२) मध्ये नोंदविली आहे. स्मारकाने स्मरणाचा विषयच खणून काढावा, असा हा प्रकार. सायबॉर्नला रोज डोळ्यांसमोर दिसणारे टेकाड आपल्या प्रतिकृतीतून वगळायचे होते आणि दिसेनासा झालेला उंचवटा तीत पुन्हा आणायचा होता.

भूमी मोजता येते. माणसे कोठे होती हे मोजता येत नाही. यासाठी सायबॉर्नने जे केले ते त्या काळी नवेच होते. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने छापील परिपत्रक धाडले. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठे होती? कोणत्या रचनेत होती? समोर शत्रूची रचना कशी होती? शेतात कोणते पीक उभे होते? सोबत रणभूमीचा नकाशा, त्यावर खुणा करण्यासाठी. उत्तरे आली ती सुमारे सातशे. एका लढाईविषयी त्यात भाग घेतलेल्यांकडून पद्धतशीरपणे जमविलेला इतका मोठा साक्षीसंग्रह त्याआधीचा आम्हांस ठाऊक नाही. आज ज्याला आपण मौखिक इतिहास म्हणतो त्याचे हे पत्ररूप पूर्वज म्हणण्यास हरकत नसावी. मात्र प्रश्न गेले ते अधिकाऱ्यांना. रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य शिपायास कोणी काही विचारले नाही. ७५,००० आकृत्यांतील बहुसंख्य त्याच्याच. पण त्या कोठे उभ्या राहणार हे त्याचा साहेब सांगणार होता. बखरीतही 'लोक पडले' एवढ्या दोन शब्दांत हजारोंची वासलात लागते, तेव्हा या बाबतीत आपण इंग्रजांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

पत्रांत एकवाक्यता नव्हती, आणि ती असण्याची अपेक्षाच चुकीची होती. लढाईनंतर वीस वर्षे लोटलेली. तोफांच्या आणि बंदुकांच्या धुरात अनेकांस शेजारची पलटणही दिसली नव्हती. त्यातून प्रत्येकास आपल्या पलटणीचा मान राखायचा होता. इम्पीरियल गार्डचा शेवटचा हल्ला कोणी परतविला, या एका प्रश्नावर पहिली फूट गार्ड्स आणि बावन्नावी लाइट इन्फंट्री यांचे समर्थक पुढे कित्येक दशके भांडत राहिले. पहिल्या फूट गार्ड्सला तर लढाईनंतर दीडेक महिन्यातच, फ्रेंच ग्रेनेडियरांचा पराभव केल्याबद्दल, 'ग्रेनेडियर' हे नाव सन्मानाने मिळाले होते. म्हणजे सायबॉर्न आकृत्या मांडू लागला त्यापूर्वीच राजाज्ञेने एक उत्तर देऊन टाकले होते. बावन्नाव्या पलटणीचा निशाणधारी विल्यम लीक याने १८६६ साली, लढाईनंतर एक्कावन्न वर्षांनी, सबंध ग्रंथ लिहून ते उत्तर नाकारले.

आता पैशाचा भाग. सरकार बदलले आणि १८३३ साली नव्या मंत्रिमंडळाने खर्च देण्याचे नाकारले. सायबॉर्नने कर्ज काढले, ओळखीच्या अधिकाऱ्यांकडून पैसे घेतले आणि काम चालू ठेवले. एकूण खर्च सुमारे ३,००० पौंडांवर गेला. ऑक्टोबर १८३८ मध्ये पिकॅडिलीतील इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली गेली. एक शिलिंग देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली असे सांगतात. कर्ज मात्र फिटले नाही.

कर्जापेक्षाही मोठी अडचण होती ती प्रशियनांची. सायबॉर्नने प्रशियाच्या लष्करी मुख्यालयाशीही पत्रव्यवहार केला होता, आणि तेथून आलेल्या माहितीनुसार संध्याकाळी सात वाजता प्रशियन सैन्य नेपोलियनच्या उजव्या बगलेवर, प्लाँसेन्वा गावाभोवती, मोठ्या संख्येने लढत होते. त्याने त्यांना तेथे मांडले. झाले असे की प्रतिकृतीकडे पाहणाऱ्याची नजर आपोआप तिकडेही जाऊ लागली, आणि वॉटर्लू हा एकट्या वेलिंग्टनचा विजय नव्हता हे सांगायला शब्दाची गरज उरली नाही. १९ जून १८१५ रोजी लिहिलेल्या खलित्यात खुद्द वेलिंग्टनने प्रशियनांच्या वेळेवर आलेल्या मदतीचे श्रेय मोकळेपणाने दिले होते. पण मधल्या काळात तो पंतप्रधान होऊन गेला होता आणि वॉटर्लू ही राष्ट्राची पुण्यकथा झाली होती. पुण्यकथेत दुसऱ्या नायकाला जागा अपुरी पडते. सरसेनापतीच्या कचेरीतील लष्करी सचिव फिट्झरॉय सॉमरसेट, ज्याचा उजवा हात वॉटर्लूवर तुटला होता, त्याच्यामार्फत सायबॉर्नकडे नाराजी पोचत राहिली. अखेर त्याने प्रशियन आकृत्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात कमी केली. त्याच्यावर दडपण आले, की नव्या पुराव्याने त्याचे मत खरोखर पालटले? पीटर हॉफश्रोअर यांच्या २००४ सालच्या 'वेलिंग्टन्स स्मॉलेस्ट व्हिक्टरी' या पुस्तकाने दडपणाची बाजू आग्रहाने मांडली. इतर अभ्यासकांना ती तितकीशी मान्य नाही. आम्हांस वाटते, आर्थिकदृष्ट्या पिचलेल्या आणि वरिष्ठांच्या मर्जीवर नोकरी अवलंबून असलेल्या माणसाच्या बाबतीत या दोहोंमधली सीमारेषा त्याला स्वतःलाही आखता आली नसती.

येथवरची कथा सत्तेने सत्य दडपल्याची आहे आणि ती तशीच सांगून थांबणे सोपे आहे. परंतु वेलिंग्टनने एका पत्रात या प्रतिकृतीवर जो आक्षेप घेतला तो आम्हांस समीक्षेच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो, आणि तो घेणाऱ्याचा स्वार्थ उघड असला तरी आक्षेप खोटा ठरत नाही. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : चित्र काय किंवा प्रतिकृती काय, लढाईतील एकच क्षण दाखवू शकते, पण ही प्रतिकृती सबंध लढाई दाखवू पाहते. प्रत्येक पलटण आणि प्रत्येक व्यक्ती तिने स्वतः निवडलेल्या जागी उभी आहे. त्यामुळे पाहणाऱ्याचा समज होतो की सगळे सैन्य, हाती काही राखून न ठेवता, एकाच क्षणी लढत होते. आणि असा क्षण त्या दिवशी कधीच नव्हता.

या आक्षेपावर थोडे थांबले पाहिजे. सातशे पत्रलेखकांपैकी प्रत्येकाचे 'सात वाजता' निराळे होते. कोणाचे घड्याळ पुढे, कोणाचे मागे. बहुतेकांनी त्या गडबडीत घड्याळ पाहिलेलेच नव्हते. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण 'सात' मानला आणि नकाशावर खूण केली. सायबॉर्नने त्या साऱ्या खुणा एका टेबलावर आणल्या. जे घडले ते असे की अनेक काळ एकाच अवकाशात दाटीने उभे राहिले. बखरकाराचे 'इतक्यात' येथे गाळले गेले होते, आणि ते गाळल्याची खूण कोठेही नव्हती.

दाटी होण्यास आणखी एक कारण होते, आणि ते निव्वळ हिशेबाचे आहे. जमिनीचे प्रमाण मैलास नऊ फूट, म्हणजे सुमारे १:६००. या प्रमाणात माणूस तीन मिलिमीटरचा होईल. तो ना ओतता येईल ना ओळखता येईल. म्हणून आकृत्या केल्या १:१८० या प्रमाणात. माणसे जमिनीच्या मानाने तिपटीहून मोठी झाली, आणि मग एका आकृतीने साधारण दोन माणसांचे प्रतिनिधित्व करावे अशी तडजोड करावी लागली. दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ही अडचण नवी नाही. बुरूज वीतभर, त्यावरचा मावळा बुरुजाच्या अर्ध्याइतका, अळिवाचे रान त्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि सिंहासनावरचे महाराज सर्वांहून मोठे. तेथे मोठेपणा हा मानाचा असतो आणि पाहणाऱ्या प्रत्येकास तो ठाऊक असतो, म्हणून कोणी फसत नाही. सायबॉर्नची प्रतिकृती मोजमापाची शपथ घेऊन उभी होती. तेथे हाच फरक लपून गेला.

वेलिंग्टनविषयी बोलताना मराठी वाचकास असईची आठवण होणे स्वाभाविक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी झालेल्या त्या लढाईत तो नुसता आर्थर वेलस्ली होता. असईविषयी सातशे जणांना कोणी प्रश्न पाठविले नाहीत. इंग्रजांची बाजू मुख्यतः त्याच्या आणि त्याच्या अधिकाऱ्यांच्या कागदांतून उरली. शिंद्यांच्या तोफांपाशी अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या गोलंदाजांची तारीफ वाचायची तर तीही शत्रूच्याच लेखणीतून वाचावी लागते. वॉटर्लूवर त्याच्या कथनास प्रतिस्पर्धी निघाला तो एक कर्जबाजारी कप्तान आणि त्याच्या शिशाच्या आकृत्या. असईवर तसा कोणी निघाला नाही.

सायबॉर्नने १८४४ साली या युद्धाचा दोन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याने दुसरी प्रतिकृतीही केली. ती आज लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. तीत जमिनीचा तुकडा लहान, आकृत्या मोठ्या आणि गणवेश बारकाईने रंगविलेले. विषय दुपारी ब्रिटिश जड घोडदळाने केलेली चाल. क्षण पाहा : दुपारचा, आणि जमिनीच्या ज्या पट्ट्यावर एकही प्रशियन नव्हता असा. येथे कोणास काही काढून टाकावे लागले नाही. कारागिरीच्या दृष्टीने ही दुसरी प्रतिकृती सरस मानली जाते. आमचा ओढा मात्र पहिलीकडे आहे; तिच्यात जे बिघडले आहे ते दुसरीत उद्भवूच दिलेले नाही. सायबॉर्न १८४९ साली वारला, तेव्हाही तो कर्जातून मोकळा झालेला नव्हता.

इजिप्शियन हॉलमध्ये गर्दी होत होती त्या वेळी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये आणखी एक करमणूक चालू होती : फ्रेंच चित्रकार दागेर याचा 'डायोरामा'. पॅरिसमध्ये १८२२ साली आणि लंडनमध्ये १८२३ साली तो सुरू झाला. आज डायोरामा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मातीची जमीन, छोटी झाडे आणि छोटे सैनिक येतात. दागेरच्या डायोरामात यांतले काही नव्हते. अंधाऱ्या सभागृहात एक प्रचंड, अर्धपारदर्शक चित्रपट, त्यावर मागूनपुढून पडणारा उजेड, आणि तो उजेड पालटला की पाहता पाहता सकाळची संध्याकाळ होई. म्हणजे मूळचा डायोरामा सपाट होता, उजेडाचा होता आणि त्यात काळ वाहत होता. जानेवारी १८३९ मध्ये याच दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा झाली. त्रिमितीय मांडणीला हे नाव पुढे चिकटले. आता गेल्या पाव शतकात लष्करी प्रतिकृतींचे छंदी आपल्या मांडणीचे छायाचित्र घेऊन, संगणकावर त्याला आकाश, धूर आणि उजेड जोडून 'डिजिटल डायोरामा' करू लागले आहेत, तेव्हा तो शब्द फिरून आपल्या मूळ घरी आला, असे आम्ही म्हणतो.

मधल्या काळातील प्रवास थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छंदाचे केंद्र शिशाकडून प्लॅस्टिककडे आणि नेपोलियनकडून दुसऱ्या महायुद्धाकडे सरकले. त्यातले १:३५ हे सर्वमान्य प्रमाण जपानच्या तामिया कंपनीच्या पँथर रणगाड्यापासून, १९६१–६२ च्या सुमारास, रूढ झाले. ते प्रमाण आले कोठून? त्या खेळण्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा केला तर तो मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा होतो असे नंतर निघाले! महायुद्धाची जगभरची घरगुती स्मारके आज बॅटरीच्या मापाने मोजली जात आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या शेपर्ड पेन याने मोनोग्रॅम कंपनीच्या संचांसाठी केलेल्या मांडण्यांनी या छंदाला कथनाची जाण दिली. मांडणी म्हणजे वस्तूंची रांग नव्हे, तीत एक प्रसंग हवा आणि पाहणाऱ्याची नजर त्यावर आपोआप पोचायला हवी, हे त्याच्या १९८० च्या पुस्तकामुळे घरोघरच्या कारागिरांपर्यंत गेले.

डिजिटल डायोरामात तंत्र बदलते ते मुख्यतः नजरेच्या जागेत. सायबॉर्नच्या प्रतिकृतीकडे मीटरभर उंचीवरून पाहणारा माणूस रणभूमीच्या हिशेबात सहाशे मीटर आकाशात असतो. १८१५ साली तेथे कोणीही नव्हते. १:३५ च्या मांडणीचे छायाचित्र घेणारा मात्र कॅमेऱ्याचे भिंग जमिनीपासून साडेचार-पाच सेंटिमीटरवर आणतो, कारण त्या प्रमाणात उभ्या शिपायाचा डोळा तेथे असतो. जवळून घेतलेल्या छायाचित्रात फार थोडा भाग स्पष्ट येतो आणि तेवढ्यावरून वस्तू लहान आहे हे पाहणारा तत्काळ ओळखतो. म्हणून भिंगाचे छिद्र बारीक करतात, किंवा जवळपासून दूरपर्यंत नजर सरकवीत अनेक छायाचित्रे घेऊन त्यांतील फक्त स्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडतात. पाणी, धूर आणि आग यांना प्रमाण पाळता येत नाही. थेंब लहान होत नाही, ज्वाळा पस्तीस पटींनी मंद होत नाही. त्या बाहेरून आणून वर बसवाव्या लागतात. दूरची झाडे फिकी आणि निळसर करावी लागतात.

वाचकांच्या लक्षात आले असेल की एका अर्थी वेलिंग्टनचा आक्षेप येथे मिटतो. आकाशातल्या नजरेऐवजी एका शिपायाची नजर आली, सगळ्या लढाईऐवजी दहा पावलांचा चिखल आला. पण मिटता मिटता तो दुसऱ्या रूपाने उठतो. अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिन्थल आणि व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो यांचे 'हिटलर मूव्हज ईस्ट' हे १९७७ सालचे पुस्तक डिजिटल काळाच्या आधीचे; त्यात रशियाच्या आघाडीची छायाचित्रे आहेत आणि ती सारी खेळण्यातल्या सैनिकांची आहेत. लेव्हिन्थलने अस्पष्टता टाळली नाही, उलट वाढविली. धूसर, हललेले, पिवळसर चित्र पाहताच आपले मन 'हा युद्धवार्ताहराचा फोटो' असे ठरवून टाकते. छायाचित्र असल्याचा हा जो विश्वास आहे तो सायबॉर्नच्या शिशाला कधीच लाभला नव्हता. टेबलाच्या कडा दिसत होत्या. एक शिलिंग देणारा प्रेक्षक आपण प्रतिकृती पाहतो आहोत हे विसरत नव्हता.

आणि येथे प्रशियनांचा प्रश्न परत येतो. सायबॉर्नने आकृत्या काढल्या तेव्हा त्या हाताने एकेक उचलाव्या लागल्या. संगणकावरच्या दृश्यात आकाश, धूर, माणसे एकमेकांवर ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांत असतात. एक थर बंद केला की सैन्य नाहीसे होते आणि खालचे गवत जसेच्या तसे दिसते. छंद म्हणून रणगाडा रंगविणाऱ्यावर इतिहासाचे ओझे टाकण्याची आमची इच्छा नाही. पण अशी चित्रे आज पाठ्यपुस्तकांशेजारी, माहितीपटांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत येऊन बसू लागली आहेत, आणि वर्गात आम्ही जसे 'हा पाठ कोणत्या हस्तलिखितावरून घेतला' असे विचारतो तसे 'हे दृश्य कशावरून रचले' असे त्यांना विचारणे भाग आहे. पाठचिकित्सेची सवय असलेल्या मराठीच्या अध्यापकास हा प्रश्न विचारण्यासाठी रणगाड्यांची नावे पाठ असण्याची गरज नाही. थर जपून ठेवले आहेत का? कोणते चित्र मूळ मांडणीचे, कोणते नंतर भरलेले? त्या शिपायाचा गणवेश कोणत्या छायाचित्रावरून रंगविला?

सायबॉर्नला हे प्रश्न विचारता येतात, कारण त्याने पत्रे फेकून दिली नाहीत. त्याचा मुलगा हर्बर्ट याने १८९१ साली त्यांतील निवडक पत्रे 'वॉटर्लू लेटर्स' या नावाने प्रसिद्ध केली. मूळ कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि गॅरेथ ग्लोव्हर यांनी २००४ साली त्यांतील आणखी बरीच पत्रे छापून आणली. प्रतिकृतीतून जे प्रशियन उचलले गेले त्यांचा माग या पत्रव्यवहारातच लागतो. धुरामुळे आम्हांस पुढचे काही दिसले नाही, असे लिहिणारे अधिकारीही त्यांत भेटतात.